सत्तरचा भाला

भाला घेऊन बसमध्ये चढायची एक रीत आहे. टोकाला फडकं गुंडाळायचं, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बसवायचा आणि चढताना शेपूट पुढे ठेवायचं. सव्वादोन मीटरची वस्तू बसच्या दारातून सरळ आत जात नाही. ती तिरकी घालून दांड्याला टेकवायची आणि मग हळूहळू सीटांखाली सरकवायची. हे मला कोणी शिकवलं नाही, निगडी-भोसरी रोज जाता-येता शिकले.

कंडक्टर लोकांचे दोन प्रकार. पहिला प्रकार विचारायचा, "हे काय घेतलंय?" भाला, असं सांगितलं की म्हणायचा, "कुणावर चाललाय?" आणि सामानाचं तिकीट फाडायचा. दुसऱ्या प्रकारात एकच माणूस होता. मला बघितलं की तो मागच्या सीटवरच्यांना दम भरायचा, "पाय वर घ्या राव, महाराष्ट्राची चॅम्पियन आलीय." तेव्हा मी जिल्ह्यात तिसरी होते. एकदा मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग काय झालं? पाय तर वर घेतले ना त्यांनी?" पुढे मी खरोखर राज्यात पहिली आले, तोवर त्याची ड्यूटी दुसऱ्या मार्गावर गेली होती. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे.

माझं नाव सुमन कांबळे. भालाफेकीत सहा वेळा राज्यात पहिली आले, राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पदक मिळालं. त्या जोरावर एका कंपनीच्या टाइम ऑफिसात पंचवीस वर्षं नोकरी केली आणि गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता सकाळी मैदानावर मुलींना भाला शिकवते. लोक पदकांबद्दल विचारतात. पदकं कपाटात आहेत, दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा बाहेर येतात. मला सांगायचं आहे ते एका भाल्याबद्दल आणि कल्पना नावाच्या मुलीबद्दल. मी तिचं एक नुकसान केलं, आणि ते मी केलं हे तिलाही यंदापर्यंत माहीत नव्हतं.

पण आधी आमच्या धंद्याची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर माझा गुन्हा काय होता तेच कळणार नाही.

बायकांचा भाला सहाशे ग्रॅमचा असतो. अर्धा किलो साखरेच्या पुडीहून थोडा जड. एवढी हलकी वस्तू फेकायला दंड कशाला लागतात, असं लोकांना वाटतं, आणि ते बरोबर आहे. दंड लागतच नाहीत. जोरात पळत यायचं आणि डावा पाय रोवून एकदम थांबायचं, एवढाच खरा खेळ आहे. तुम्ही थांबता, पण तुमचं पळणं थांबत नाही. ते कमरेतून पाठीत, पाठीतून खांद्यात आणि खांद्यातून हातात येतं. सगळ्या अंगाचं भांडण शेवटी कोपरावर येऊन मिटतं. म्हणून नवशिक्या मुलीला आम्ही शंभर वेळा एकच सांगतो, कोपर वर. कोपर खांद्याच्या खाली आलं की आज ना उद्या ते जाणार.

दुसरी गोष्ट आकड्याची. प्रत्येक भाल्यावर एक आकडा छापलेला असतो. पन्नास, साठ, सत्तर. बाहेरच्या माणसाला वाटतं, सत्तरचा भाला सत्तर मीटर जात असेल. तसं नाही. तो चपलेच्या नंबरासारखा आहे, ज्याचा पाय जेवढा तेवढा त्याचा नंबर. पन्नासचा भाला जरा लवचिक असतो, हातून थोडं वाकडं झालं तर तो चूक पोटात घालतो. सत्तरचा ताठ असतो. तो काही पोटात घालत नाही, सगळं तुमच्या कोपरात परत पाठवतो. ज्याचं सुटणं अगदी नेमकं आहे त्याला तो चार पावलं पुढे नेतो, बाकीच्यांचं फेकणं कमी करतो आणि हात बिघडवतो.

हा आकडा न कळल्यामुळे होणारे घोटाळे मी दर वर्षी बघते. भाल्यात देशाला मेडल मिळालं तेव्हापासून तर फारच. ताथवड्याच्या एका सोसायटीतले गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला गाडीतून घेऊन आले. डिकीतून कोरा करकरीत भाला निघाला, ऑनलाइन मागवलेला. त्यावर सत्तर. "मॅडम, सगळ्यात मोठा नंबर घेतला. मोठा नंबर म्हणजे लांब जाणार ना?" मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. एवढं बोलले, एवढं बोलले की पोरगी रडायला लागली आणि गृहस्थ माझी माफी मागायला लागले. त्यांचा दोष काय होता? त्यांना माहीत नव्हतं. मी इतकी का तापले ते माझं मलाच माहीत होतं.

माझे वडील फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवर होते. लालभडक लोखंड सांडशीने धरून घणाखाली फिरवायचं काम. ती सांडशी ते घरी आणून ठेवत, पण तिच्यावर बोट ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. शॉपमध्येही एकाची सांडशी दुसरा उचलत नसे. प्रत्येकाने आपापल्या मुठीप्रमाणे तिचे दांडे वाकवून घेतलेले असायचे. वडील म्हणायचे, "ज्याचं हत्यार त्याच्याच हातात गप बसतं." लातूरकडून आलेल्या त्या माणसाने मला पहिला भाला करून दिला तो बांबूचा, टोकाला पत्रा ठोकून. बुद्धविहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मी तो फेकायची आणि वडील पावलं टाकत अंतर मोजायचे. हॅमरच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले होते. मी लांबून ओरडून विचारायची, किती झालं? त्यांना ऐकू जायचं नाही. ते बोटं दाखवायचे.

आमच्या खेळात मात्र उलटा कायदा आहे. स्पर्धेत तुम्ही तुमचा स्वतःचा भाला आणू शकता, पण पंचांनी तो मोजून, तोलून पास केला की तो स्टँडवर जातो आणि त्या दिवसापुरता सगळ्यांचा होतो. तुमच्या विरोधात फेकणारी मुलगी तो उचलू शकते. तुम्हाला नाही म्हणता येत नाही. माझ्या वडिलांना हा नियम कधी पटला नाही.

मला सत्तरचा भाला मिळाला तो रेल्वेकडून खेळलेल्या एका बाईंकडून. त्यांनी खेळ सोडला आणि जाताना तो माझ्या मास्तरांच्या हवाली केला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, आमचं सगळं काही. त्यांनी वर्षभर मला त्या भाल्याला हात लावू दिला नाही. नुसता कोपऱ्यात उभा. वर्षभराने म्हणाले, "आता घे. पण एक लक्षात ठेव, हा दुसऱ्या कुठल्या पोरीच्या हातात पडू देऊ नकोस. कोपर जाईल तिचं." त्यांनी हे मला अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. मी विसरले होते असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

कल्पना आमच्या मैदानावर आली तेव्हा सतरा वर्षांची होती. चाकणजवळच्या गावातली. तिचे वडील कांद्याच्या मार्केटात हमालीला आणि ती सुट्टीत त्यांच्याबरोबर पोती शिवायला. पायात कॅनव्हासचे बूट, तेही भावाचे. पहिल्या दिवशी तिने भाला असा धरला जसा कोणी शिडी धरेल. मास्तर हसले आणि म्हणाले, "पळून दाखव." ती पळाली आणि मास्तरांचं हसणं थांबलं. मी ते पाहिलं. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला धावायची पावलं मोजायला मी शिकवलं, हाताला पट्टी बांधायला मी शिकवलं. ती मला ताई म्हणायची आणि माझी पिशवी माझ्या आधी उचलायची. दोन वर्षांत ती माझ्यापासून दोन मीटरवर येऊन पोचली.

त्याच सुमारास एका कंपनीने आम्हा दोघींना खेळाडू म्हणून हंगामी कामावर घेतलं. सकाळी सराव आणि नंतर टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावायची. तिथले कल्याण अधिकारी देशमुख साहेब पाहुणे आले की आम्हाला बोलवायचे आणि म्हणायचे, "या आमच्या भालेवाल्या." एकदा तर कंपनीच्या वर्धापनदिनाला त्यांनी पार्किंगमध्ये फेकून दाखवायला लावलं. भाला एका डायरेक्टरांच्या गाडीपासून वीतभर अंतरावर रुतला आणि पुढच्या वर्षीपासून तो कार्यक्रम रांगोळी स्पर्धेवर आटोपू लागला. माणूस चांगला होता. त्यांनीच आम्हाला स्पष्ट सांगितलं की कायम करायची जागा एकच आहे. राज्य स्पर्धेत जी वर राहील तिची. आमच्या घरी तेव्हा वडिलांचं काम कानामुळे सुटलं होतं. कल्पनाच्या घरी काय होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

राज्य स्पर्धेत प्रत्येकीला तीन फेकी मिळतात आणि पहिल्या आठ जणींना आणखी तीन. तिसऱ्या फेकीनंतर मी पहिली होते, कल्पना दुसरी. आमच्यात एका हाताचं अंतर होतं आणि तिची प्रत्येक फेक आधीच्या फेकीहून लांब जात होती. चौथी फेक तिची आधी होती. ती स्टँडपाशी आली, पन्नासचा भाला उचलला, परत ठेवला आणि माझ्या सत्तरवर हात ठेवला.

"ताई, ह्यो घिऊ का? मोठ्या नंबराचा लांब जातो म्हंत्यात. मला झेपंल का?"

ती मला नियम विचारत नव्हती. नियम तिला माहीत होता. ती मला ताई म्हणून विचारत होती.

मी म्हणाले, "घे की. स्टँडवरचा भाला सगळ्यांचाच असतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी पुष्कळ वर्षं याच आधारावर जगले. पंचांनी मला विचारलं असतं तर त्यांनाही यात काही वावगं सापडलं नसतं. मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटलं, तिची फेक कमी पडेल, भाला आडवा पडेल, पंच लाल झेंडा वर करतील आणि तिची एक फेक वाया जाईल. एवढंच. तिचा हात जावा असं मनात नव्हतं. पण हात जाऊ शकतो हे मला माहीत होतं, आणि ते मी बाजूला ठेवलं.

चौथी फेक कमीच पडली. ती परत आली तेव्हा कोपर चोळत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "लई ताठ हाय वं." मग पाचव्या वेळी तिने पुन्हा तोच उचलला. मी तिथेच बसले होते, दहा पावलांवर, बुटाची नाडी बांधत. ती बांधलेलीच होती. पहिल्या वेळेला चूक झाली असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळेला ती चूक नव्हती.

तो आवाज मला ऐकू आला. ऊस मोडल्यासारखा. कल्पना ओरडली नाही. धावपट्टीच्या शेवटी खाली बसली आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर उचलून ठेवला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

त्यानंतर माझ्या वाट्याच्या दोन फेकी उरल्या होत्या. त्या मी फेकल्या. त्याच भाल्याने. त्यातली एक त्या दिवसाची सगळ्यात लांब फेक ठरली.

मास्तर त्या दिवशी तापाने घरी होते. संध्याकाळी दवाखान्यात आले आणि पहिला प्रश्न मला विचारला, "कुठल्या भाल्याने फेकलं तिने?" मी म्हणाले, "लक्ष नव्हतं माझं." मास्तरांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग कल्पनाच्या वडिलांना म्हणाले, "घाईत कोपर खाली आलं असणार." तिचे वडील मान हलवत राहिले. कोपराचा सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला होता. आज त्यावर शस्त्रक्रिया होते, तेव्हा आमच्या आवाक्यात होतं ते प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ होईना. महिनाभराने मी कायम झाले. कल्पनाची हंगामी मुदत संपली आणि ती गावी गेली. मी तिला भेटायला एकदाही गेले नाही.

मास्तर वारले तेव्हाही हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा होतं. ते शेवटपर्यंत मला कधी "शाब्बास" म्हणाले नाहीत, राष्ट्रीय पदक आणलं तेव्हाही नाही.

यंदा जूनमध्ये मैदानाच्या जाळीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर कंपनीचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, शेजारी पंधरा वर्षांची उंच मुलगी. इथे मला सगळे मॅडम म्हणतात. ती म्हणाली, "ताई." मी चेहऱ्याच्या आधी हात ओळखला. उजवं कोपर किंचित दुमडलेलं, हातात पर्स असल्यासारखं. पर्स नव्हती.

लग्नानंतर ती तळवड्यात राहत होती. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, गाडीतल्या वायरींच्या जुड्या बांधायच्या कामावर. वर हात करायचं काम तिला जमत नाही, म्हणून तिने लाइनवर खालचं टेबल मागून घेतलं होतं. मुलीच्या शाळेतल्या सरांनी तिला क्रिकेटचा चेंडू फेकताना पाहिलं आणि हिला भाल्याला घाला असं सांगितलं. मुलीचं नाव श्रावणी.

"ह्याच त्या ताई," कल्पना तिला म्हणाली. "ह्यांच्यासंगट फेकायचे मी." मग माझ्याकडे वळून, "हिला कोपराचं तेवढं नीट शिकवा. मी रोज सांगते, माझ्यावानी करू नको. मी घाई केली न् हात घालवून बसले."

मी म्हणाले, "शिकवते."

श्रावणी शिकत गेली. आईसारखीच पळते. जून गेला, जुलै गेला. मी तिला पन्नासच्या भाल्यापलीकडे जाऊ दिलं नाही आणि सत्तरचा भाला खोलीत सगळ्यात मागे, चटयांच्या आड ठेवला. मनाशी म्हणत होते की मुलगी घडवून देते, म्हणजे फिट्टंफाट झाली. असं फिटत नसतं हे मला टाइम ऑफिसात पंचवीस वर्षं बसून कळायला हवं होतं. एकाच्या कार्डावरची गैरहजेरी दुसऱ्याच्या कार्डावर हजेरी लावून मिटत नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी कल्पनाला सुट्टी होती, म्हणून ती मुलीबरोबर आली. विश्रांतीच्या वेळी मुली तिच्याभोवती बसल्या. एकीने विचारलं, "काकी, तुमचा हात असा कशाने झाला?" कल्पना उठली. तिने श्रावणीच्या हातातला भाला घेतला, डाव्या हाताने, आणि पंधरा मुलींसमोर दाखवायला लागली. "हे बगा. हितं कोपर पायजे. माझं आलं हितं, खाली. येवढीच चूक. येवढ्या चुकीला जल्मभराची शिक्षा." मुली माना डोलवत होत्या. श्रावणी खाली बघत गवत उपटत होती. आईची चूक तिने किती वेळा ऐकली असेल.

मी शिट्टी वाजवून मुलींना पळायला पाठवलं आणि कल्पनाला भाल्यांच्या खोलीत नेलं. चटया बाजूला केल्या. सत्तरचा भाला तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. मास्तर काय म्हणाले होते ते, मला काय माहीत होतं ते, मी का बोलले नाही ते. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतक्या लहान गोष्टीला मी सव्वीस वर्षं घाबरत होते.

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"पयल्या येळंला का दुसऱ्या?"

"दोन्ही वेळेला."

"मी घरी जाऊन आईला सांगितलं व्हतं," ती म्हणाली, "का ताईनं सोताचा भाला दिला मला. फायनलला. आसं कुनी देत न्हाई. लई वर्सं सांगत आले मी. पोरीला बी त्येच सांगितलं."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच ती चिडली नाही. बाहेर गेली, श्रावणीला हाक मारली आणि दोघी निघून गेल्या. नऊ दिवस आल्या नाहीत. मी रोज जाळीकडे बघत होते. या वयात मला पहिल्यांदा रडू आलं आणि ते मुलींसमोर आलं. धूळ गेली डोळ्यात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

दहाव्या दिवशी दोघी आल्या. कल्पना माझ्यासमोर उभी राहिली आणि पाठ करून आल्यासारखी बोलली.

"पोरीला शिकवा. हितं दुसरं कोन हाय भाला शिकवायला? तिचं नुकसान मी करनार न्हाई. पन तिच्या हातात भाला मी देनार. तुमी न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

तेव्हापासून तसंच चालू आहे. दुसऱ्या शिफ्टला असली की कल्पना सकाळी मैदानावर येते. खोलीतून भाला आणते, त्यावरचा आकडा वाचते, मुठीपाशी गुंडाळलेली दोरी चाचपते आणि मग श्रावणीच्या हातात देते. मी बाजूला उभी राहते. पहिली शिफ्ट असली की तिची कंपनीची बस पहाटेच निघते आणि तिला येता येत नाही. त्या आठवड्यात श्रावणी भाला फेकत नाही. पळते, पावलं घोटते, वजनाचा चेंडू फेकते. एकदा ती कंटाळून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच द्या ना. आईला कुठे कळणार आहे?"

"पळ," मी म्हणाले.

हा लेख छापायला देण्याआधी मी कल्पनाला वाचून दाखवला. तिच्याबद्दल लिहायचं तर तिला विचारायलाच हवं होतं. तळवड्याच्या तिच्या खोलीत आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो आणि श्रावणी दारात बूट पुसत होती. मी शेवटपर्यंत वाचलं. मी किती वाईट वागले, मला किती वाईट वाटलं, सगळं वाचलं. संपल्यावर कल्पनाने एकच विचारलं.

"माझं कोपर कुटं व्हतं, ह्ये न्हाई लिवलं?"

मी कागद उलटेपालटे केले. नव्हतं लिहिलं. माझ्याबद्दल एवढी पानं लिहिली आणि फेकताना तिचं कोपर कुठे होतं याची एक ओळ नव्हती.

म्हणून आता लिहिते, आणि मी तिथे हजर होते, दहा पावलांवर होते, म्हणून माझं म्हणणं ग्राह्य धरावं. चौथी आणि पाचवी, दोन्ही फेकी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. दोन्ही वेळेला कल्पनाचं कोपर खांद्याच्या वर होतं. तिची काहीही चूक नव्हती.